एकेरी पुली

चाकण रस्त्याला झेंडूचे टेम्पो दिसायला लागले की माझा उजवा खांदा आपोआप ताठ होतो. खरं म्हणजे दुखणं माझं नव्हतंच, आईचं होतं. पण आमच्या घरात कुणाचं दुखणं एकट्याचं राहत नाही. दिवाळीच्या फराळासारखं ते सगळ्यांच्या ताटात थोडं थोडं वाढलं जातं, आणि नको म्हटलं तरी ‘अगं, एवढंसं घे’ म्हणून आग्रह होतो.

हे दिवसच तसे असतात. पाऊस गेलेला नसतो, पण त्याची नोकरी संपलेली असते. अधूनमधून येऊन सही करून जातो. दुपारचं ऊन असं की दुचाकीची सीट चटका देते. आणि खंडेनवमी जवळ आलेली असते. आमच्या पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत खंडेनवमी म्हणजे दिवाळीची थोरली बहीण. वर्षभर शिव्या आणि लाथा खाणाऱ्या मशिनी त्या दिवशी पुसून, रंगवून, हार घालून उभ्या असतात. ज्या प्रेसने मार्चमध्ये ज्या माणसाला रडवलेलं असतं, तोच माणूस तिच्यापुढे नारळ फोडतो आणि वर नमस्कारही करतो. हत्यारांची पूजा झाली की त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, हा इथला नियम. हेल्मेटपासून सिग्नलपर्यंत बाकी कुठलाच नियम न पाळणारी माणसंसुद्धा हा पाळतात.

मी तंत्रनिकेतनात यामिकी शिकवते. तरफ, कप्पी, घर्षण, उतरण, असला माल. खंडेनवमीला आमची मुलं कॅल्क्युलेटरला कुंकू लावतात. एकाला मी विचारलं, “अरे, कॅल्क्युलेटर काय हत्यार आहे?” तो म्हणाला, “मॅडम, आमच्याकडं तेवढंच चालतंय.” डोक्याला लावलं नाहीस ते बरं केलंस, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

यंदा दसऱ्याआधी घराला रंग द्यायचं ठरलं. रंगारी सलीमभाई आले, हॉलभर फिरले आणि बाल्कनीच्या दाराशेजारच्या भिंतीपुढे थबकले. तिथे हातभर रुंदीचा एक पट्टा गेल्या दोन रंगांपासून तसाच सोडलेला आहे. जुना पिस्ता रंग, त्यावर पेन्सिलीच्या बारीक आडव्या रेघा, प्रत्येक रेघेपाशी तारीख.

“बच्चे की हाइट?” सलीमभाईंनी कौतुकाने विचारलं.

“नाही,” बाबा म्हणाले, “हिची.”

सलीमभाईंनी आईकडे पाहिलं. आई पाच फुटांना दोन इंच कमी आहे, आणि तेही ती चिडलेली असताना. मग त्यांनी रेघांच्या तारखा पाहिल्या. रेघा वर गेल्या होत्या, मग एकदम खाली आल्या होत्या, मग पुन्हा वर.

“काकू खाली-वर होत होत्या का?” त्यांनी अगदी अदबीने विचारलं.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “यांच्यामुळे.”

यांच्यामुळे, हे खरं. थोडं माझ्यामुळेही, पण ते ती पाहुण्यांसमोर सांगत नाही.

त्या वर्षी बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. भोसरीच्या एका गिअरच्या कारखान्यात ते मेंटेनन्स फिटर. बंद पडलेली मशीन चालू करणं, हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. असा माणूस घरी बसला आणि घरात काही बिघडलेलं नसलं, तर घराला धोका असतो. पहिल्या महिन्यात त्यांनी सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना इतकं ग्रीस घातलं की कोण आलं, कोण गेलं, काही कळेना. दुसऱ्या महिन्यात पंखे बॅलन्स केले. तिसऱ्या महिन्यात ते मिक्सरकडे ज्या नजरेने बघत होते, ती पाहून आईने मिक्सर माळ्यावर ठेवला. आणि माळ्यावरून तो पुन्हा काढायला गेली, तेव्हा तिचा हात वर जाईना.

उजवा हात खांद्याच्या रेषेपर्यंत जायचा आणि तिथे थांबायचा. दुखायचं तर असं की रडू यायचं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, खांदा आखडलाय. सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते, ती सुजते, जाड होते, आवळत जाते. होईल बरं, पण महिने लागतील, आणि व्यायाम सोडायचा नाही.

“म्हणजे ग्रीस वाळलं,” बाबा म्हणाले. चार महिन्यांत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. घरात ब्रेकडाउन झालं होतं.

आईची गोष्ट वेगळी होती. तिला पोळ्या लाटता येत होत्या, भाजी चिरता येत होती. येत नव्हतं ते एकच. डोक्यामागे हात नेऊन अंबाडा घालता येत नव्हता. ज्यांनी आईचा अंबाडा पाहिलेला नाही त्यांना यातलं गांभीर्य कळणार नाही. दारावरची बेल वाजली की स्वयंपाकघरातून दारापर्यंत येता येता, चालता चालता, दोन वेटोळी, एक आकडा, झालं. आरसा नाही, कंगवा नाही. दार उघडायच्या आत ती माणसांत यायला तयार. त्या अंबाड्याला लग्नापासून दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. तिच्या सख्ख्या बहिणीलाही तिने एकदा झिडकारलं होतं.

“घालून देते ना मी,” मी म्हटलं.

“वेणी घाला हवी तर कुणीही,” ती म्हणाली, “ती आपली तात्पुरती. अंबाडा माझा मीच घालणार. दसऱ्याला सोनं वाटायला जाईन ती माझ्या हातच्या अंबाड्याने, नाहीतर जाणारच नाही.”

आई असं काही बोलली की ते कॅलेंडरवर छापल्यासारखं होतं. तेव्हा नुकतेच गणपती बसले होते. दसऱ्याला महिना-सव्वा महिना.

वेणीचं खातं बाबांनी घेतलं, कारण मी सकाळी सातला घर सोडायचे. पहिल्या दिवशी त्यांनी वेणी घातली आणि शेवटी रबरबँड सापडेना म्हणून वायरी बांधायचा नायलॉनचा टाय लावला. तो एकदा आवळला की सुटत नाही, हीच त्याची खुबी. संध्याकाळी मी आले तेव्हा आई कटर घेऊन माझी वाट बघत बसली होती. पण माणूस कामाचा पक्का. आठवड्याभरात त्यांचा हात बसला. “तिन्ही पेडांना ताण सारखा पाहिजे,” असं ते मला समजावून सांगत. ताण इतका सारखा असे की आईच्या भुवया कपाळावर अर्धा इंच सरकत, आणि ती दिवसभर कशाचं तरी आश्चर्य वाटल्यासारखी वावरे.

व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट यायची. रेवती तिचं नाव, नांदेडकडची, चोवीस-पंचवीसची, आवाज हळू आणि पकड लोखंडाची. तिने दोन व्यायाम दिले. एक, भिंतीवर बोटं ठेवून मुंगीसारखी वर वर चालवायची. दुसरा, छताला कप्पी टांगून तिच्यावरून दोरी घ्यायची, दोन टोकांना दोन मुठी. डाव्या हाताने खाली ओढायचं, की उजवा वर जातो. आता, शाळेत ज्याला कप्पी म्हणतात तिला कंपनीत पुली म्हणतात, आणि पुली हा शब्द कानावर पडताच बाबा खुर्चीतून उठलेच.

पुली त्याच संध्याकाळी लागली. बाल्कनीच्या दारावरच्या हुकातून साखळी, साखळीला पुली, आईच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच. दोरीच्या मुठींना जुन्या चादरीचं कापड गुंडाळलेलं. शेजारच्या भिंतीवर ओळंबा धरून उभी रेघ मारली. रोज सकाळी आई बोटांनी भिंत चढायची, जिथे थांबेल तिथे बाबा कानावरची पेन्सिल काढून खूण करायचे, टेप लावायचे, तारीख टाकायचे. स्विचबोर्डाच्या खाली चार बोटं, मग तीन, मग दोन. त्याच्यावर कॅलेंडरचा खिळा. “खिळ्यापर्यंत हात गेला की अंबाडा,” बाबांनी हिशोब मांडला होता. आईला त्यातलं फक्त शेवटचं ऐकू यायचं.

माणसाचा खांदा ही चीजच अजब आहे. खुब्याचा सांधा उखळीत मुसळ बसावं तसा खोल बसलेला. खांद्याचा मात्र बशीवर लिंबू ठेवावं तसा. सगळीकडे फिरावा म्हणून बशी उथळ केली, आणि लिंबू पडू नये म्हणून चारी बाजूंनी दोऱ्या बांधल्या. शेजारच्या काशीबाईंचं मांजर आमच्या बाल्कनीच्या गजांतून असं ओतल्यासारखं आत यायचं. बाबा त्याच्याकडे असूयेने बघत. “याच्या खांद्याला बोल्टच नाही,” म्हणायचे. ते खरंच आहे. मांजराच्या गळपट्टीचं हाड नुसतं मांसात लोंबतं, कशाला जोडलेलंच नसतं. हे मी त्यांना सांगितलं तर ते आईच्या खांद्याकडे विचार करत बघू लागले. मी विषय बदलला.

स्विचबोर्डाशी गाडी अडली. सहा दिवस रेघेवर रेघ पडत होती. पितृपक्ष सुरू झाला होता. आईने अंबाड्याचे आकडे डबीतून काढून पुसून पुन्हा डबीत ठेवलेले मी पाहिले.

आणि इथे दोन तज्ज्ञांनी डोकं लावलं. एक बाबा, दुसरी मी. उंटावरचा शहाणा निदान उंटावर तरी असतो. मी तर खुर्चीत बसून चहा पीत होते.

“एका पुलीने काय फायदा होतो?” बाबांनी विचारलं.

“काहीच नाही,” मी वर्गातल्या आवाजात म्हटलं. “जेवढं ओढाल तेवढंच मिळतं. एकेरी कप्पी फक्त दिशा बदलते.”

“मग दोन वर, दोन खाली केल्या तर?”

“चौपट. पाव जोर लावून पूर्ण काम. फक्त दोरी चौपट ओढावी लागेल.”

“दोरीला काय तोटा आहे,” बाबा म्हणाले.

भोसरीच्या भंगारातून त्यांनी दोन जोडपुल्या आणल्या, रॉकेलने धुतल्या, बेअरिंग बदलली. त्या इतक्या सुरेख फिरायच्या की नुसतं बघत राहावं. काशीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या पुनावळ्याच्या जुन्या गावकरी. शेत गेलं, तिथे इमारती आल्या, म्हणून त्या लेकाबरोबर आमच्या मजल्यावर राहायला आल्या होत्या.

“पितरांच्या पंधरवड्यात नवं यंत्र बसवू न्हाई, दादा,” त्या म्हणाल्या.

“हे नवं नाही मावशी, सेकंडहँड आहे,” बाबा म्हणाले.

पहिले दोन दिवस झकास गेले. आईला जोरच लागेना. चार हात दोरी ओढली की उजवा हात हातभर वर. ओढता ओढता ती कंटाळली, म्हणून काशीबाई समोर बसून तिला गावातल्या गोष्टी सांगू लागल्या. तिसऱ्या दिवशी गोष्ट होती काशीबाईंच्या भाच्याच्या लग्नाची. तो दिवस रविवार, मी तिथेच होते. वरात निघाली, आई दोरी ओढतेय. घोडं बिथरलं, आई भराभर ओढतेय. “आन् काय सांगू सुमनबाई, नवरदेव घोड्यावरनं जो उडाला,” काशीबाईंनी टाळी वाजवली, “त्यो थेट सासूच्या वटीत!” आणि आईने हसत हसत एक सणसणीत हिसका दिला.

डाव्या हाताला काही कळलंच नाही. त्याच्यापर्यंत पावच जोर पोहोचत होता. उजवा हात मात्र स्विचबोर्ड ओलांडून गेला, आतून कट्‌ असा आवाज आला, आणि आई “अगं” एवढंच म्हणून खाली बसली. तिचा चेहरा पांढरा पडला. काशीबाईंची टाळी वाजवलेली तशीच राहिली.

आपल्या हाताने हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. डॉक्टर म्हणाले, फाटलेलं काही नाही, पण सूज चांगलीच वाढलीय. दहा दिवस व्यायाम बंद. रेवती आली, तिने वर पाहिलं, चारी चाकं पाहिली. एक चाक बोटाने फिरवलंही. ते अर्थातच सुरेख फिरलं.

“काका, कशाला फायदा करायलात हो ह्याच्यात?” ती म्हणाली. रागावली नव्हती, त्यामुळे जास्त लागलं. “एकच पुली का सांगितली मी? ओढणाऱ्या हाताला दुखणाऱ्या हाताचं कळावं म्हणून. जेवढं तिकडं दुखंल तेवढं इकडं जड लागावं. तुम्ही मधी चार चाकं घातलात. आता डाव्याला उजव्याची खबरच नाही.”

मला भयंकर लाज वाटली. दरवर्षी फळ्यावर लिहिते, बलात कमावलं ते अंतरात गमावतो. पण बळाबरोबर खबरही पाव होते, हे मी कधी लिहिलेलं नव्हतं. पुस्तकात नव्हतं म्हणून. चौपट हा आकडा माझ्याच तोंडातून निघाला होता.

बाबांनी त्या रात्री जोडपुल्या काढल्या. जुनी पुली पुन्हा टांगली खरी, पण दोरी तिच्यावरून बाल्कनीच्या कठड्यापर्यंत नुसती लोंबत सोडून दिली. पेन्सिल कानावरून उतरवून पेटीत ठेवली, पेटीला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवसापासून ते बाल्कनीत जाऊन बसायचे. वेणी घालायचे, पण सैल. इतकी सैल की दुपारपर्यंत सुटायची. आईच्या भुवया जागेवर आल्या, आणि ते मला अजिबात बरं वाटलं नाही.

एका संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, “मी नवा होतो तेव्हा एक बोल्ट जाम झाला होता. मी पान्याला लांब पाइप लावला आणि दिला जोर. बोल्ट तुटला. उस्तादांनी कानाखाली वाजवली नाही, एवढंच. म्हणाले, पाइप लावला की हाताला बोल्ट कळत नाही. जाम बोल्टला तेल पाज, थोडा पुढे घे, थोडा मागे घे, आणि त्याचं ऐक.” मग चहाचा कप हातात घेत म्हणाले, “पस्तीस वर्षं पोरांना हेच सांगत आलो, बघ. आणि घरात येऊन पाइप लावला.”

त्यांचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, “पाइपाचं गणित मी केलं होतं, बाबा.” ते म्हणाले, “हो, ते आहेच.” त्यांनी ते इतक्या सहज मान्य केलं की मला रडायचं सोडून हसू आलं.

त्या दहा दिवसांत बाल्कनीतल्या कुंडीतला दोडका मात्र स्वस्थ बसला नव्हता. त्याने कठड्यावरून हात लांबवून लोंबती दोरी पकडली होती. दोडक्याचा हा तणावा, म्हणजे वेलाचा दोऱ्यासारखा हात, मोठा हुशार. आधी चाचपडतो, टेकू सापडला की गच्च धरतो, मग स्वतःलाच गुंडाळत गुंडाळत स्प्रिंग होतो. आणि ती स्प्रिंगही कशी, अर्धी उजवीकडे वळलेली, मध्येच एक गाठीसारखं वळण, आणि उरलेली अर्धी डावीकडे. दोन्ही टोकं बांधलेली असताना पीळ न पडता वेटोळी घालायची तर दुसरा मार्गच नाही. वारा आला की ती ताणली जाते, वारा गेला की आखडते, तुटत नाही. आणि रोज वेलाला नकळत थोडं वर ओढत राहते. बाबा चष्मा लावून तिच्याकडे बघत. “याला कुणी शिकवलं?” म्हणायचे.

घटस्थापनेच्या दिवशी आईने बाल्कनीत येऊन वेल पाहिला. “हा दोरी खाऊन टाकेल,” ती म्हणाली, आणि डाव्या हाताने एकेक तणावा सोडवू लागली. मोठा वेल तिने काढला, पण साखळीपर्यंत पोहोचलेली एक फांदी राहू दिली.

“अहो,” ती म्हणाली, “पेन्सिल काढा.”

“सुमन, मी हात लावणार नाही आता.”

“तुम्हाला कोण लावा म्हणतंय? दोरी मी ओढणार. तुम्ही नुसत्या रेघा मारा. रेघांनी कुणाचं वाईट होत नाही.”

पहिली रेघ स्विचबोर्डाच्या खाली वीतभर उतरली. गणपतीतल्या पहिल्या रेघेच्याही खाली. ती मारताना बाबांचा हात जड झालेला दिसत होता. नऊ दिवस उरले होते. एकीकडे घटातलं धान उगवत होतं आणि दुसरीकडे भिंतीवर रेघा. थोडं पुढे, थोडं मागे. आई ओढायची, थांबायची, तिच्याच डाव्या हाताचं जड होणं ऐकायची. काशीबाई समोर बसायच्या, पण त्यांना बोलायची बंदी होती. हे त्यांना आईच्या दुखण्यापेक्षा जास्त सोसावं लागलं. सातव्या माळेला रेघ पुन्हा स्विचबोर्डाशी आली. आठव्या माळेला तिथेच. खिळा अजून वर, त्याच्याही वर दसरा.

खंडेनवमीची सकाळ. बाबांनी हॉलमध्ये पाट मांडला. हातोडी, पाने, व्हर्निअर, स्पिरिट लेव्हल, टेप, पेन्सिल, सगळं पुसून ओळीने ठेवलं. शेजारी माझा कॅल्क्युलेटर. मुलांना हसणारी मी, पण हौस दांडगी. मग सवयीने ते कंगवा घेऊन आईच्या मागे जाऊन उभे राहिले.

“ठेवा तो,” आई म्हणाली. “आज हत्यार चालवायचं नाही.”

“कंगवा हत्यार आहे?”

“तुमच्या हातात आहे. ठेवा पाटावर.”

बाबांनी मुकाट्याने कंगवा व्हर्निअरशेजारी ठेवला. आई आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतून एकदा आकडा खाली पडल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा. बाबा उठले, दारापर्यंत गेले, परत आले. वीसेक मिनिटांनी दार उघडलं. आई घामाघूम झाली होती, कपाळावर बटा चिकटल्या होत्या, आणि डोक्यामागे अंबाडा होता. मान खाली घालून, भिंतीला कोपर टेकवून, कसा घातला ते तिने आजवर सांगितलेलं नाही. तो डावीकडे कललेला होता, एक वेटोळं सुटू बघत होतं.

बाबांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं. शेवटी म्हणाले, “सेंटर आउट आहे.”

“असू दे,” आई म्हणाली. आणि कुंकवाचा करंडा घेऊन पाटाशी बसली.

पाटावरच्या हत्यारांना दरवर्षी हळदकुंकू तीच लावते. सगळ्यांना लावून झालं. मग तिने मान वर केली. पुली वर टांगलेली होती, दोडक्याच्या एका तणाव्याने धरलेली.

“काढून देतो,” बाबा म्हणाले.

“टांगलेली मशीन कुणी पूजेला खाली काढतं का?”

“मग डाव्या हाताने लाव. देव काही म्हणत नाही.”

“देव नाही म्हणत. मी म्हणते.”

ती उठली. उजव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं आणि हात वर न्यायला लागली. दोरी नाही, भिंत नाही, नुसता हात. खांद्यापर्यंत आला. स्विचबोर्डापर्यंत आला आणि थांबला, थरथरला. तिचा डावा हात कोपराला आधार द्यायला आपोआप पुढे आला. तिने तो पदरात गुंतवून ठेवला. बाबांचाही हात पुढे आला होता. त्यांनी तो पाठीमागे नेला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरला. हात पुन्हा निघाला. थोडा पुढे, किंचित मागे, थोडा पुढे. खिळ्याच्या पातळीला आला. खिळ्याच्या वर गेला. आणि आईने पुलीला कुंकू लावलं.

हात खाली आणायच्या आधी तिने बोटावर उरलेलं कुंकू, त्याच उंचीवर, शेजारच्या भिंतीला टेकवलं.

बाबांचा हात कानाकडे गेला. कान रिकामा. पेन्सिल पाटावर, टेप पाटावर, टेपवर झेंडूचं फूल. सव्वा महिना इंच न्‌ इंच टिपून ठेवणारा माणूस, आणि मोजायच्या दिवशी नेमकं मोजता येईना.

“उद्या मोजू,” मी म्हटलं.

“नाही,” बाबा म्हणाले. “हत्यार न चालवायच्या दिवशी वर गेलेला हात आहे तो. त्याला हत्यार लावायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी आई सोनं वाटायला गेली. सगळ्या मजल्यांवर. काशीबाईंकडे तर दोनदा.

हे सगळं सलीमभाईंना काही सांगितलं नाही. ते बिचारे भिंतीच्या क्षेत्रफळातून पट्टा वजा करायला म्हणून आपला टेप खालून वर सोडत होते. स्विचबोर्ड गेला, खिळा गेला, आणि टेपचं टोक त्या विटलेल्या लाल ठिपक्याशी पोहोचणार, तेवढ्यात बाबा त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईने मध्ये आले.

“सलीमभाई, वजा करू नका. पूर्ण भिंतीचे पैसे लावा. पण इथे टेप लावायचा नाही.”

सलीमभाईंनी टेप सोडला, तो सर्रकन आत गेला. तेवढ्यात बेल वाजली. आई स्वयंपाकघरातून निघाली, चालता चालता दोन्ही हात डोक्यामागे गेले, दोन वेटोळी, एक आकडा, आणि तिने दार उघडलं.

बाबा तिच्या पाठीकडे बघत होते. बराच वेळ. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, “अजून सेंटर आउटच आहे.”